मदनलाल सोलंकीचं रक्त

उज्जैन, ९ जानेवारी २०२५

तेजस्विनी,

नावाआधी ‘सौ.’ लावावं की नाही, याचा विचार करत बसले आणि शेवटी काहीच लावलं नाही. फोन तू ब्लॉक करून ठेवला आहेस. पत्राला ते करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस वाचतोच. आणि तू तर मास्तरीण, दुसऱ्यांच्या चुका वाचायची तुला सवयच आहे.

माधव आजारी आहे. तुझा नवरा, निदान कागदावर तरी. दिवाळीपासून ताप आणि खोकला, चौदा किलो वजन गेलंय, शर्ट खांद्यावरून घसरतो. तू गेल्यानंतर वर्षभरात त्यानं एचआयव्हीच्या गोळ्या बंद केल्या, हे तुला माहीत नसेल. मलाही उशिराच कळलं. सरकारी केंद्रातून डबे आणायचा आणि कपाटात कपड्यांमागे लावून ठेवायचा. मी ओरडले तर म्हणाला, “छोड ना ताई, किसके लिए खाऊँ?” कोणासाठी म्हणाला ते तुला सांगायला नको. मी त्याची सख्खी बहीण समोर उभी होते, पण माझ्यासाठी खाव्यात असं काही त्याला वाटलं नाही.

आज सकाळी त्याची थुंकी मीच आमच्या लॅबमध्ये नेली. मीच काच रंगवली, मीच मायक्रोस्कोपखाली धरली. निळ्यात लाल काड्याच काड्या. टीबी. तेहतीस वर्षं मी काचा बघते आहे, पण आजच्यासारखा आनंद मला कधी झाला नव्हता. हो, आनंदच म्हणते. काय झालंय ते सापडलं. टीबी बरा होतो, आणि टीबी चारचौघांत सांगताही येतो.

काचेवर नाव मात्र मी मदनलाल सोलंकी असं घातलं. उज्जैनमध्ये पोतनीसांची घरं दोनच. लॅबच्या काउंटरवर स्नेहा बसते, आणि तिच्या आईला अख्ख्या मराठी समाजाची खबर असते. पोतनीस नावाचा रिपोर्ट टाईप झाला की संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या माधव नगर मोहल्ल्यात चर्चा. सोलंकी इथं गल्लोगल्ली आहेत, एक वाढला तर कोण मोजतंय?

तुला का लिहिते आहे, तेही सांगते. त्याचा तो मूळचा आजार, तुझी आई सोडली तर, जगात तिघांनाच माहीत आहे. त्यातली तिसरी नागपुरात जाऊन बसली. मला नऊ ते पाच ड्यूटी असते, त्याला पेज भरवायला माणूस हवं. बाई ठेवली तर बाई चार गोष्टी विचारणार. तेव्हा तू ये. तीन वर्षांपूर्वी मी एक वाक्य बोलले म्हणून तू घर सोडलंस. “तू कुठून आणलंस हे?” एवढंच विचारलं होतं. तुझ्या आईसमोर विचारलं, हे कबूल. पण नंतर तुझा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मी पुन्हा काही बोलले का?

शोभा

उज्जैन, १८ जानेवारी

तेजस्विनी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

माधवला नानाखेड्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथंही सोलंकीच, कारण थुंकीचा रिपोर्ट त्या नावाचा. कंपाउंडरनं “सोलंकीजी, आइए” म्हणून तीनदा हाक मारली आणि हा आपला पंख्याकडे बघत बसलेला. मी चिमटा काढला तेव्हा उठला. बाहेर आल्यावर हसत सुटला. “ताई, मी मेलो तर तेरावं कोणाचं घालशील? पोतनीसाचं की सोलंकीचं?” हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि तिथंच पायरीवर बसला. लोक बघत होते.

आणि एक सांगते. नाव बदलायचं हे त्याच्या डोक्यातलं नव्हे. तो म्हणाला होता, “लिख दे ना माझं नाव, मला काय फरक पडतो आता.” त्याला फरक पडत नाही, पण मला पडतो. या गावात मी सत्तावन्न वर्षं काढली आहेत. लग्न केलं नाही, आई-दादांचं केलं, आणि सरळ मान ठेवून चालले. ती मान मी त्याच्या उद्योगांपायी खाली घालणार नाही.

डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. आणखी एक तपासणी मागितली होती, तीही मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. माणूस चांगला आहे. रिपोर्ट बघून म्हणाला, “चलो, फिर तो सीधा केस है. छह महीने में ठीक.” सरळ केस. मला तो शब्द फार आवडला.

तू येणार नसशील तर तसं कळव.

शोभा

उज्जैन, ४ फेब्रुवारी

तेजस्विनी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. उघडं कार्ड! पोस्टमन मराठी वाचत नाही म्हणून वाचलो. दोन ओळी, त्याही प्रश्नांच्या: ‘त्यांची एचआयव्हीची फाईल डॉक्टरांना दाखवलीत का? डोकं दुखतं का?’ शुद्धलेखन उत्तम आहे. ‘तब्येत कशी आहे’ हे विचारावंसं मात्र वाटलं नाही.

कडेला बारीक अक्षरात कारणही दिलंस: केंद्रातल्या बाईंनी तुला सांगितलं होतं म्हणे, गोळ्या सुटलेल्या माणसाचं डोकं दुखायला लागलं तर लगेच घेऊन या. तू ऐकून ठेवलंस ते छान केलंस. ऐकून ठेवायचं आणि निघून जायचं. मी तेहतीस वर्षं लॅबमध्ये काढली आहेत, मला कार्डावरून शिकवू नकोस.

फाईल दाखवली. सगळं व्यवस्थित आहे.

डोकं दुखतं. कोणाचं दुखत नाही? टीबीच्या औषधांनी पित्त होतं, आणि पित्तानं डोकं दुखतं. डॉक्टरही तेच म्हणाले. तोंडात पांढरं पांढरं आलं आहे, म्हणून मी ग्लिसरीन लावते. ताप उतरला आहे, थोडं जेवतो. २७ तारखेपासून मी कपाटातल्या त्या जुन्या गोळ्याही सुरू केल्या, टीबीची औषधं सुरू होऊन दोन आठवडे झाल्यावर. तसंच करतात, मला माहीत आहे. एक्स्पायरीला अजून वेळ होता. तुझ्यापायी खात नव्हता, माझ्यासमोर खातो. रोज जीभ बाहेर काढून दाखवायला लावते, गिळली की नाही ते बघते.

म्हणजे तू आली नाहीस तरी तो बरा होतो आहे. हे तुला मुद्दाम कळवते.

शोभा

उज्जैन, २२ फेब्रुवारी

तेजस्विनी,

माधव सरकारी इस्पितळात आहे. आज तिसरा दिवस.

डोकेदुखी वाढतच गेली होती. उशीत तोंड खुपसून पडायचा. एकाची दोन माणसं दिसतात म्हणाला, मी म्हटलं अशक्तपणा आहे. परवा सकाळी मी डबा भरत होते, तर पलंग खडखडायला लागला. जाऊन बघते तर अंग ताठ, डोळे वर आणि तोंडाला फेस. भैरवगढची ती तुझी छापील चादर सगळी भिजली. शेजारचा आल्हाद धावत आला, त्यानंच गाडीत घातलं. आणि इस्पितळाच्या खिडकीवर त्यानं नाव सांगितलं: माधव श्रीकांत पोतनीस. मी मागून येईपर्यंत लिहूनही झालं होतं.

तिथं ऋचा नावाची एक डॉक्टर आहे. पोरसवदा, केसांना रबर, पायात बुटं. कागद चाळून म्हणाली, “मरीज़ पोतनीस हैं और काग़ज़ सारे सोलंकी के?” मी म्हटलं टायपिंगची चूक. तिनं मान डोलावली. टीबी मेंदूत गेला असावा म्हणाली. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, टीबीसाठी तपासायला पाठवलं, सूज उतरायला स्टेरॉइड चालू केलं. तिनं दोनदा विचारलं, “और कोई बीमारी? एचआईवी?” मी म्हटलं, रिपोर्ट फाईलमध्ये आहे.

स्टेरॉइडनं त्याला आराम पडायला हवा होता. पडला नाही. काल मला ओळखलं नाही. तुझं नाव घेत होता. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले.

शोभा

उज्जैन, १ मार्च

तेजस्विनी,

बसून नीट वाच.

२३ तारखेला सकाळी ती पोरगी राउंडला आली. टॉर्च लावून तिनं माधवचं तोंड उघडलं. जिभेवर, टाळूवर, आत घशापर्यंत सगळं पांढरं. मग सोलंकीचा रिपोर्ट हातात घेऊन माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. “मैडम, यह ख़ून किसका है?”

माझं.

छातीच्या डॉक्टरांनी मागितलेली ती ‘आणखी एक तपासणी’ एचआयव्हीची होती. टीबी निघाला की सगळ्यांचीच करतात. मी लॅबमध्ये स्टूलवर बसले, डाव्या हाताला रबर बांधलं, उजव्या हातानं सुई घातली आणि स्वतःचं रक्त काढलं. नळीवर मदनलाल सोलंकी लिहिलं. पाच मिनिटांचं काम. एक रेघ आली, निगेटिव्ह. इतका स्वच्छ रिपोर्ट, की स्नेहा टाईप करताना एकदाही थांबली नाही.

आणि तुला ‘फाईल दाखवली’ असं लिहिलं ते खोटं. ती फाईल माझ्या ट्रंकेत आहे, साड्यांच्या खाली.

ऋचानं अर्ध्या तासात त्याची तपासणी पुन्हा केली. दोन रेघा. मग मणक्यातलं पाणी पुन्हा काढलं आणि या वेळी शाई घालून बघितलं. मी लॅबचीच माणूस म्हणून तिनं मला मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला. दया म्हणून नव्हे, मी बघावं म्हणूनच. काळ्याभोर शाईत भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोल, प्रत्येकाभोवती उजेडाचं कडं. बुरशी. मेंदूच्या आवरणात शिरलेली बुरशी. टीबी होताच. तो मी बरोबरच ओळखला होता. पण टीबीबरोबर ही होती, तोंडातली दुसरी बुरशी होती, आणि काविळीचा बी व्हायरसही निघाला. एका माणसात चार. रोगाशी लढणाऱ्या पेशी पाचशेच्या वर हव्यात, त्या सतरा होत्या.

ती मला म्हणाली, “ऐसे मरीज़ में एक बीमारी मिल जाए तो ढूँढना बंद नहीं करते, मैडम. वहाँ से ढूँढना शुरू करते हैं. लेकिन ऐसा मरीज़ है, यह हमें पता तो हो.”

त्या जुन्या गोळ्या मी आधी सुरू केल्या, तेही चुकलं. या बुरशीचा उपचार आधी करायचा असतो आणि त्या गोळ्या महिना-सव्वा महिना थांबवायच्या असतात. नाहीतर जागी झालेली ताकद मेंदूतच मारामारी सुरू करते. स्टेरॉइडही या बुरशीला द्यायचं नसतं. ते ऋचानं दिलं, पण माझ्या रक्ताकडे बघून दिलं. तुझ्या पोस्टकार्डावरचे दोन प्रश्न, त्यातल्या एकाचं जरी मी खरं उत्तर दिलं असतं, तरी फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना ही सापडली असती.

हे तुला कळवलं. कोणाला तरी कळवायला हवं होतं. ट्रंक उघडायला मात्र मला सांगू नकोस.

आता रोज बाटलीतून औषध जातं, त्यानं तो थडथड उडतो. एक दिवसाआड पाठीतून पाणी काढतात, डोक्यातला दाब कमी व्हावा म्हणून. मी खांदे धरते. ओरडत नाही. वाचेल म्हणतात. मला त्याच्याकडे बघवत नाही, तरी रोज जाते.

शोभा

उज्जैन, ६ एप्रिल

तेजस्विनी,

हे पत्र माधव सांगतो आहे आणि मी लिहिते आहे. आम्ही घरी आलो. तो समोर खुर्चीत बसला आहे. त्याचं जसंच्या तसं लिहिते. माझं जे असेल ते कंसात घालते.

मी वाचलो. डॉक्टर म्हणतात, एवढ्या सगळ्यातून क्वचितच कोणी वाचतं. ताईनं माझ्यासाठी जे केलं ते आईनंही केलं नसतं. तीन आठवडे ती इस्पितळात बाकावर बसून होती.

(त्याला दिसत नाही. सुरुवातीला आम्हाला वाटलं, औषधानं अंधुक झालं असेल. तसं नाही. डोक्यातला दाब जास्त दिवस राहिला, त्यानं डोळ्यांच्या नसा दबल्या आणि वाळल्या. इंदूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी टॉर्च मारला, तर बाहुली हललीसुद्धा नाही. परत येणार नाही म्हणाले. आठ दिवस आधी कळलं असतं तर डोळे राहिले असते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बहुतेक राहिले असते.)

तेजस्विनी, मी तुला कधी दोष दिला नाही. आजार मी आणला होता, आणि ते मी ताईसमोर, तुझ्या आईसमोर कबूल केलं होतं. तू गेलीस तरी मी काही बोललो नाही. पण हे तू का केलंस?

(पाणी मागितलं, दिलं. पेला मीच त्याच्या हातात धरवते, बोटं एकेक करून लावते.)

दुसऱ्याचं रक्त माझ्या नावावर तू द्यायला लावलंस. सोलंकी हे नाव तू काढलंस. ताईला तू फोनवर धमकी दिलीस, की माझा आजार गावात कळला तर तू तिला कोर्टात खेचशील. ती बिचारी घाबरली. मला हे इस्पितळात कळलं, शुद्धीवर आल्यानंतर दुसऱ्या दिवशी.

(मी सांगितलं त्याला. ऋचानं ‘ख़ून किसका है’ विचारलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते ‘इनकी वाइफ़ ने करवाया, फ़ोन पर धमकाकर’. मागच्या पत्रात तुला लिहिलं त्यातलं ‘माझं’ हे उत्तर मी फक्त तुला दिलं होतं, तिला नाही. तिनं ते केसपेपरवर लिहून घेतलं. आल्हाद शेजारी उभा होता, त्यानंही ऐकलं. त्यानं ते किती जणांना सांगितलं, मला मोजता येणार नाही. महिनाभरात मराठी समाजातल्या सहा-सात बायका घरी येऊन गेल्या. त्यांना आता त्याचा आजारही माहीत आहे आणि तूही माहीत आहेस. माझ्यासाठी त्या डबे आणतात. ज्या गोष्टीला मी घाबरत होते ती झाली, आणि मला काहीसुद्धा झालं नाही. उलट आता मला पहिल्यापेक्षा जास्त मान आहे.)

मी तुझं काय बिघडवलं होतं? तुला एवढंच हवं होतं ना, की तुझ्या शाळेत कोणाला कळू नये? मग मला सांगायचं. मी गप्प मेलो असतो.

(तो रडतो आहे. डोळे गेले तरी पाणी येतं. मला हे ठाऊक नव्हतं.)

ताई, एवढं काय लिहितेस? मी तर थोडंच बोललो.

(मी म्हटलं, तू भराभर बोलतोस, मला वेळ लागतो. मग तो बिचारा हळू बोलायला लागला.)

गोळ्या आता मी रोज घेतो. ताई हातावर ठेवते. वजन तीन किलो वाढलं. ताईशिवाय मला संडासापर्यंतही जाता येत नाही, पण ती कंटाळत नाही. तू आता येऊ नकोस. आलीस तरी मी तुझ्याशी बोलणार नाही. तुझा आवाज ऐकून मला पुन्हा तुझा विश्वास वाटायला लागेल, त्याची मला भीती वाटते.

(येऊ नकोस. मीही तेच सांगते. ये आणि सगळं सांग, असं काल रात्रीपर्यंत लिहिणार होते, मनात ठरलंही होतं. पण तू सांगितलंस तर त्याला कोण उरेल? पेला कोण धरवेल? तुझ्यावर रागावून तो जगू शकतो. माझ्यावर रागावला तर गोळी कोणाच्या हातून घेईल? तूच सांग. आणि खरं सांगायचं तर एवढंच कारण नाही. पन्नास वर्षांत तो पहिल्यांदा मला म्हणाला, ताई, तू होतीस म्हणून. हे मला सोडवत नाही. यासाठी तुझं नाव गेलं तर जाऊ दे. ही पत्रं तुझ्याजवळ आहेत, सगळी माझ्या हातची. कोणाला दाखवायची तर दाखव. त्याला दाखवता येणार नाहीत.)

बस्स, एवढंच. ताई, वाचून दाखव.

(वाचून दाखवलं. त्याचं तेवढंच. त्यानं दोन ठिकाणी मान हलवली. म्हणाला, बरोबर लिहिलंस. मग म्हणाला, सही मी करतो, माझी चिठ्ठी आहे. मी म्हटलं, माझं आणखी एवढंसं राहिलं आहे. तो म्हणाला, तुझा नमस्कार लिहीत असशील, लिही. थांबला आहे. आता कागद त्याच्या पुढ्यात सरकवते आणि त्याचं बोट धरून जागा दाखवते, माझ्या या ओळीच्या खाली.)

माधव